शाळा, घर आणि वाडी: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

पालकसभा संपली की खरे प्रश्न सुरू होतात. चपला घालताना, छत्री उघडताना एखादी आई थांबते आणि म्हणते, "बाई, एक विचारू?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आधी रत्नागिरी जिल्ह्यात होते, आता सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पडवीत उभ्याउभ्या विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आम्ही जेमतेम सातवी शिकलो. पोराचा अभ्यास कसा घेणार?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हा, आणि बहुतेक वेळा खाली मान घालून विचारलेला. ती मान आधी वर करा. शिकवायचं काम माझं आहे. घरी मुलाला ऐकणारं माणूस हवं असतं. तुम्ही भाकऱ्या थापत असा, जाळं शिवत असा की काजूबिया निवडत असा, रोज पंधरा-वीस मिनिटं मुलाला शेजारी बसवा आणि धडा मोठ्याने वाचायला सांगा. शब्दाखाली बोट ठेवून वाचू दे. अडलं तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. बरीच मुलं तेवढ्या वेळात स्वतःच सुटतात. आपण घाईने शब्द सांगितला, की मूल पुढच्या वेळी पुस्तकाकडे पाहायच्या आधी आपल्या तोंडाकडे पाहतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला अक्षरओळख नाही. रोज सकाळी ती नातीला भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लावते. आज तिथी कोणती, संकष्टी कधी, चंद्रोदय किती वाजता. एकदा मुलगी न बघताच काहीतरी बोलून मोकळी झाली. आजी म्हणाली, "काल दशमी होती, मग आज द्वादशी कशी?" मुलगी परत भिंतीपाशी गेली, बोट ठेवलं आणि वाचलं, "एकादशी." मी वर्गात याहून वेगळं काय करते?

आणखी एक. "आज काय शिकवलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "काय नाय." त्यापेक्षा विचारा, बाईंनी फळ्यावर काय काढलं? खेळताना कोणाशी भांडण झालं? कुठलं गणित सुटलं नाही? मूल बोलायला लागलं की दिवसाची उजळणी आपोआप होते.

पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान आहे. त्यात वाडीतल्या आयांचे गट असतात. त्यात जरूर जा. शिक्षणाची अट नाही.

घरात आम्ही मालवणी बोलतो. शाळेत मूल मागे पडेल का? घरी शुद्ध मराठीच बोलावं का?

नाही, घरी तुमचीच भाषा बोला. हे मी ठामपणे सांगते, कारण याबाबतीत माझ्या हातून चूक झाली आहे.

मी मूळची चिपळूणकडची. सिंधुदुर्गात आले त्या वर्षी पहिलीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, माका गमना नाय." मी म्हटलं, "माका नाही, मला म्हणायचं." त्याला करमत नव्हतं, आई आठवत होती, आणि मी त्याचा शब्द दुरुस्त करत बसले. दिवाळीपर्यंत तो मुलगा माझ्याशी आपणहून बोलला नाही. खेळायचा, डबा खायचा, मी समोर आले की ओठ मिटायचे. त्या मिटलेल्या ओठांनी मला डी.एड.च्या दोन वर्षांपेक्षा जास्त शिकवलं.

आता माझ्या वर्गात भिंतीवर दोन रांगा आहेत. एक घरचा शब्द, एक पुस्तकातला शब्द. माका–मला, खंय–कुठे, कित्याक–कशाला, आवस–आई, बापूस–वडील. नवे शब्द मुलंच आणतात आणि कुठला कुठे वापरायचा हे महिना-दोन महिन्यांत त्यांना कळतं. रत्नागिरीकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी, सगळीकडे हेच करता येतं. ज्या मुलाला एका भाषेत नीट सांगता येतं, त्याला दुसरी जड जात नाही. ज्याला घरीही "गप, नीट बोल" ऐकावं लागतं, त्याच्याकडे कुठलीच उरत नाही.

जत्रेच्या दिवसांत रात्रभर दशावतार पाहून आलेली मुलं सकाळी पेंगत येतात. मी त्यांना नाटक सांगायला लावते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट उभ्याउभ्या संवाद रचतात. मुलंही तसंच करतात. संकासुर कसा आला, राजा काय गरजला, सगळं मालवणीत. मग त्यातली पाच वाक्यं वहीत पुस्तकातल्या मराठीत लिहायची. निबंध लिहायला मी असंच शिकवते. घरी तुम्ही गोष्ट तुमच्या भाषेत सांगा आणि त्यांच्याकडून तुमच्या भाषेत ऐका.

पाढे पाठ करून घ्यायचे की नाही? शाळेत तर म्हणतात घोकंपट्टी नको.

दोन्ही खरं आहे. पाढा तोंडपाठ हवाच, पण तो कुठे लागतो हे मुलाने पाहिलेलं असावं. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हणायची रीत आपल्याकडे होती. ती ज्या घरात टिकून आहे, तिथलं मूल गुणाकारात अडखळत नाही, हे मी दरवर्षी पाहते.

पण आपल्या मराठी आकड्यांची एक अडचण पालकांनी समजून घ्यावी. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहायचा शेवटी. म्हणून मूल २५ लिहितं. 'पंचेचाळीस' आणि 'चौपन्न' यांत तर हुशार मुलंही गोंधळतात. एकोणतीस, एकोणसाठ ही आणखी वेगळी तऱ्हा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं गेलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोण बरोबर होतं यात मी जात नाही, पण ज्या अडचणीतून तो बदल सुचला ती अडचण खोटी नव्हती. मुलगा २५ लिहितो म्हणून डोक्यात टपली मारू नका. काजूबियांचे दहा-दहाचे ढीग करा. पाच ढीग आणि दोन सुट्या बिया त्याच्या हाताने मांडू द्या, मग म्हणा बावन्न. शंभरापर्यंत असं आठवडाभर खेळलात तर गोंधळ बराच निवळतो.

आता पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे आपले अपूर्णांकांचे जुने पाढे. आता ते पुस्तकात नाहीत. चौथीतला एक मुलगा अपूर्णांक म्हटलं की वही मिटायचा. त्याचे आजोबा जुने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडणारे. मी घरी गेले तेव्हा ते अंगणात रापणीचं जाळं पसरून बसले होते. बोलता बोलता त्यांनी नातवाला विचारलं, "आज एकादशी, भरती कितीक?" मुलगा क्षणात म्हणाला, "सव्वाआठाक." मी विचारलं, कसं काढलंस? त्याने सांगितलं, तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पंधरवडा कुठलाही असो, शुक्ल की वद्य, हिशोब तोच. दिवसाचा तोच, रात्रीचाही साधारण तोच. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून हा ठोकताळा जमतो.

अकरा गुणिले तीन भागिले चार. हे त्याला वहीत येत नव्हतं, अंगणात येत होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पंधरा तिथी लिहिल्या आणि समोरच्या वेळा त्याला भरायला सांगितल्या. पौर्णिमेपाशी तो थांबला, बोटं हलवली आणि लिहिलं, सव्वाअकरा. वर्गाला समजावूनही त्यानेच सांगितलं.

तुमच्या घरी असं काय आहे ते शोधा. भाताची पायली, मण, खंडी. वीस मणांची खंडी. नारळाचा शेकडा. आंब्याच्या पेटीत किती डझन आणि पेटी कितीला गेली. मासळीच्या वाट्याचा भाव. हिशोब करताना मुलाला बाजूला घालवू नका, कागद-पेन्सिल देऊन शेजारी बसवा.

मूल तिसरीत गेलं तरी वाचता येत नाही. काय करू?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. फळ्यावरचं दिसत नाही हे मूल स्वतः सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

डोळे-कान ठीक असतील तर वर्गशिक्षकांना सरळ विचारा, गाडी नक्की कुठे अडते? अक्षरावर, काना-मात्रा-वेलांटीवर, की जोडाक्षरावर? "अभ्यासात कच्चा आहे" हे उत्तर पुरेसं मानू नका. जिथे अडतं तिथूनच सुरुवात करायची, इयत्ता कुठलीही असो. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा हेतूच हा, की तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत. त्यामुळे हा प्रश्न विचारताना संकोच नको. घरी एकच छोटा उतारा तीन दिवस वाचून घ्या. तिसऱ्या दिवशी तो झरझर येतो, आणि तो आनंद मुलाला पुढच्या उताऱ्यापर्यंत नेतो. यष्टीची पाटी, रेशन दुकानाचा फलक, बिस्किटाचा पुडा, जत्रेचं पत्रक, जे दिसेल ते वाचायला लावा. आणि भावंडांशी तुलना, तीही पाहुण्यांसमोर, कृपा करून करू नका.

पावसात लाईट जाते. अभ्यास कधी करायचा?

दिवसाउजेडी. शाळेतून आल्यावर खाणं, थोडं खेळणं, मग लगेच अभ्यास. पहिली-दुसरीला अर्धा तास पुष्कळ झाला. चार्जिंगचा दिवा मुलाच्या डाव्या हाताला ठेवा, डावखुरं असेल तर उजव्या. दप्तराच्या आत एक प्लास्टिकची पिशवी असू द्या. भिजलेलं पुस्तक चुलीवर वाळवलं की पानं चिकटतात.

लावणी, गणपती, शिमगा. या दिवसांत मूल शाळेत आलं नाही तर चालेल का?

गणपतीची सुट्टी आपल्याकडे असतेच, आणि शिमग्याला पालखी दारात येते त्या दिवशी मूल घरी हवं हे मलाही पटतं. प्रश्न त्याच्या पुढच्या-मागच्या आठ दिवसांचा आहे. चाकरमानी आले की मूल वर्गातून गायब, ते थेट गौरी-गणपती पोचवून चार दिवस झाल्यावर उगवतं. तेवढ्यात भागाकाराची पहिली पायरी निघून जाते आणि ती पुढे वर्षभर टोचत राहते.

लावणीला दोन दिवस मूल चिखलात उतरलं तर माझी तक्रार नाही. येताना मात्र तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, मुठी किती लावल्या, एका कोपऱ्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, किती बसल्या हे लिहून आणायला सांगते. लहान भावंडाला सांभाळायला मोठीला घरी ठेवणं मात्र नको. ते दोन दिवसांवर थांबत नाही, आणि बहुतेक वेळा मुलीच्याच वाट्याला येतं.

मासेमारी करणाऱ्या घरांना एक सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचे दीड महिने बापूस घरी. नारळी पौर्णिमेनंतर त्याला सवड मिळणार नाही. या दीड महिन्यात त्याने मुलाला शाळेत सोडायला यावं, वर्ग बघावा, संध्याकाळी धडा ऐकावा. मुलं त्या दिवसांबद्दल वर्षभर बोलतात.

शाळा व्यवस्थापन समितीत नाव आहे. सही करायला बोलावतात. आणखी काय असतं?

सही हे सगळ्यात शेवटचं काम. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा बनवणं, आलेला निधी कुठे खर्च होतो ते पाहणं, शिक्षक वेळेवर येतात का, मुलं नियमित येतात का, पोषण आहार नीट शिजतो का, हे सगळं समितीचं काम आहे. शिक्षक म्हणून मला हे लिहायला मुळीच जड जात नाही. विचारणारी समिती असली की माझंही काम होतं. छप्पर गळतं हे मी एकटीने कळवणं आणि चौदा पालकांच्या सह्यांचा ठराव जाणं यात फरक पडतो.

मी पूर्वी होते त्या एका शाळेत वाटेवरच्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव (छोटा पूल) मोडला होता. अर्ज करूनही दोन पावसाळे तो तसाच राहिला. शेवटी समितीतल्या बायांनीच पाळ्या लावल्या. पाणी चढलेलं असेल त्या दिवशी सकाळी दोघी आणि सुटताना दोघी, मुलांचा हात धरून वरच्या बाजूने नेणाऱ्या. त्याचबरोबर दर मासिक सभेत तोच ठराव नव्या तारखेने. साकव तिसऱ्या वर्षी झाला.

इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर सभेतच मोठ्याने वाचून घ्या.

पट कमी झालाय. आता इंग्रजी माध्यमात घालावं का?

हा निर्णय तुमचा. माझं मत विचारता म्हणून सांगते. मराठी शाळेतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. दहावीच्या निकालात कोकण विभाग, म्हणजे आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे, वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो, आणि त्यातली कितीतरी मुलं अशाच छोट्या शाळांतून वर गेलेली असतात. सहा वर्षांचं मूल सकाळी सातला गाडीत बसून बारा मैल जाणार, घरी कोणाला न कळणाऱ्या भाषेतला अभ्यास आणणार, मग त्यासाठी शिकवणी लावणार. तिथे वर सांगितलेला ऐकणारा माणूस हरवतो. आजीला एकादशी विचारता येते, 'इलेव्हन्थ' विचारता येत नाही.

पट कमी असण्याचे तोटेही आहेत, ते झाकणार नाही. दोन मुलांच्या वर्गात स्पर्धा नसते, खो-खोचा संघ होत नाही, एका शिक्षकाकडे तीन-चार इयत्ता असतात. म्हणून आम्ही शेजारच्या शाळेबरोबर शनिवारी खेळ आणि गोष्टी एकत्र घेतो. पण वाडीतल्या चार घरांनी मुलं हलवली की पाचवं घर आपोआप हलतं. निर्णय घेण्याआधी निदान एक दिवस वर्गात येऊन बसा.

आमच्या बागेत नेपाळी कुटुंब राहतं. त्यांच्या मुलाकडे दाखलाच नाही. शाळेत घेतील का?

घ्यावंच लागेल. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवताही येत नाही. वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकवून घ्यायचं, असं कायदाच सांगतो. आंब्याच्या बागा आणि बोटी ज्यांच्या कष्टावर चालतात त्यांची मुलं झोपडीपाशी बसून राहावीत हे आपल्याला शोभत नाही. बागायतदारांना विनंती आहे, राखणीला माणूस ठेवताना विचारा, मुलं किती, वय काय, आणि आम्हाला एक फोन करा. हंगाम संपून कुटुंब दुसरीकडे निघालं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. पुढच्या शाळेत ते दाखवलं की मूल तिथे बसतं. माझ्या वर्गातली अशी एक मुलगी सहा महिन्यांत मालवणी बोलायला लागली, मराठी त्यानंतर.

पोषण आहार चांगला असतो का?

येऊन चव घ्या, पालकांना तो अधिकार आहे आणि चव नोंदवहीत लिहिताही येतं. पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असं प्रमाण ठरलेलं आहे. परसातला भोपळा, शेवग्याच्या शेंगा, केळी, जे जास्तीचं असेल ते आणून दिलंत तर मुलांच्या ताटात जातं.

मोबाईलवर अभ्यास करू द्यावा का?

बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत मिळतात, दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत. पुस्तक भिजलं, हरवलं तर फार उपयोग होतो. पण मोबाईल मोठ्यांच्या हातात, मूल शेजारी, आणि व्हिडिओ संपला की बंद. जेवताना अजिबात नको.

पाचवीत नापास करतात हे खरं का?

हो. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल अनुत्तीर्ण झालं तर आधी जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा, तीतही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवतात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

गुरुजी मारतात म्हणून मूल शाळेत यायला तयार नाही.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. "आमच्या वेळी छड्या खाऊनच शिकलो" हे मुलासमोर म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हालाही सांगणार नाही. आधी मुलाचं पूर्ण ऐका. मग मुख्याध्यापक, समिती, केंद्रप्रमुख या क्रमाने लेखी द्या. प्रकार गंभीर असेल तर क्रम पाहत बसू नका, १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आम्ही मुंबईला, मूल गावी आजी-आजोबांकडे. लांबून काय करता येईल?

पुष्कळ. फोनवर "अभ्यास करतोस ना?" एवढंच विचारून आजीकडे फोन देऊ नका. नालासोपाऱ्याला राहणारे एक वडील रात्रपाळीला जायच्या आधी रोज पावणेआठला फोन करतात. मुलीच्या पुस्तकाची दुसरी प्रत त्यांनी स्वतःसाठी घेतली आहे. ती इकडे वाचते, ते तिकडे पानावर बोट ठेवून ऐकतात. चुकलं तर म्हणतात, "परत ती ओळ." गणपतीला आले तेव्हा मला भेटायला आले आणि पिशवीतून ते पुस्तक काढलं. पुठ्ठा घातलेला, आणि प्रत्येक धड्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहिलेली, ज्या दिवशी तिने तो न अडखळता वाचला त्या दिवसाची. अकराव्या धड्यावर अजून तारीख नव्हती. "तो आज संध्याकाळी ऐकणार," ते म्हणाले, "समोर बसून."